वहिनीचा गणिताचा पेपर

माझ्या वहिनीशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं बोलले, तर भिडेखातर बोलले असं कुणी म्हणायला नको. ती माझ्या धाकट्या भावाची बायको. मी सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात घालवला, आणि तिने आपल्या तिन्ही मुलांना शाळेचं तोंड पाहू दिलं नाही. अशा नणंद-भावजयांचं सख्य विळ्या-भोपळ्याचंच असणार.

थोरली पाच-सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. चर्चमधली रविवारची उपासना संपल्यावर भावाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, आम्ही दोघांनी पुष्कळ प्रार्थना करून ठरवलंय, मुलीला घरीच शिकवायचं. वहिनी त्याच्या मागे उभी होती. मुलं प्रभूने आमच्या हवाली केली आहेत, ती रोज सकाळी उठून दुसऱ्याच्या हवाली का करायची, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, प्रभूने माझ्याही हवाली मुलं केली आहेत, एकेका वर्गात साठ-साठ. त्यांचं काय करू, परत पाठवू? भाऊ हसला. वहिनी हसली नाही. ती खरोखरच विचार करायला लागली, की साठ मुलांचं काय करता येईल. तिचा हा स्वभाव तेव्हापासून माझ्या डोक्यात जातो. टोमणा मारावा, तर तो हिला लागतच नाही.

ती स्वतः नववीपर्यंत शिकलेली. पाठच्या भावंडांना सांभाळायला वडिलांनी तिला एका वर्षापुरतं म्हणून शाळेतून काढलं, आणि ते वर्ष काही संपलं नाही. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे कोण दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल आणि त्याला कधी बोलावणं येईल, याचा नेम नसायचा. मी म्हटलं, आई नववी, बाप सदा वर-खाली, या पोरांच्या शिक्षणाचे तीनतेरा वाजणार.

लाँड्रीच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालच्या वाफेच्या इस्त्र्यांमुळे पुढच्या खोलीची फरशी कायम कोमट असायची. त्या खोलीत निम्मी जागा एका टेबलाने खाल्ली होती. वहिनी त्यावर कापड बेतायची. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या पोटांच्या कमरा सैल करणं, अशी कामं तिच्याकडे यायची. शाळाही त्याच टेबलावर भरायची. सकाळी आधी प्रार्थना, मग पवित्र शास्त्रातला एक उतारा, ज्याला जेवढा वाचता येईल तेवढा त्याने वाचायचा, आणि मग अभ्यास. फळा वगैरे काही नव्हता. कापडावर खुणा करायच्या खडूने टेबलावरच लिहायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. एकदा पुसायचं राहिलं आणि त्यावर एका गिऱ्हाइकाचा काळा कोट पसरला गेला. तो बिचारा पाठीवर भागाकार घेऊन लग्नाला जाऊन आला. भागाकार बरोबर होता, एवढं मात्र मी मान्य केलं.

त्या टेबलाचा एक नियम होता. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला समजल्याशिवाय पान उलटायचं नाही. ज्याला आलं, त्याने ज्याला आलं नाही त्याला सांगायचं, मग ती धाकटी बहीण असो नाहीतर आई. वहिनीला पुष्कळ गोष्टी यायच्या नाहीत आणि ती तसं सांगून मोकळी व्हायची. बीजगणित तिला थोरलीने शिकवलं. भाऊ कामावरून आला की हातांचं ग्रीस धुऊन तोही बसायचा, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत सगळे थांबायचे. उजेड पडायला वेळ लागायचा, हे मी त्याची सख्खी बहीण म्हणून सांगते.

मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचे, जग कुणासाठी थांबत नाही, या पोरांना ते कधी कळणार? आणि माझं काही खोटं ठरलं नाही. मधला तंत्रशाळेत जायला लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, सगळ्यांना समजलं ना? सगळा वर्ग सवयीने हो म्हणाला. हा उभा राहून म्हणाला, मला समजलं, पण मागच्या बाकावरच्या दोघांना नाही समजलेलं. ते दोघे पुढे कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आणि मास्तर तर वर्षभर डूख धरून होते. शेंडेफळाला रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे मोठेपणी शिकावं लागलं. घरात तिघंच, रांग लागणार कुठली?

तरी तिघंही बाहेरून परीक्षा देऊन पास झाली. थोरली नर्स झाली, मधला बापाबरोबर लिफ्टच्या कामात शिरला, शेंडेफळ शिकायला परगावी गेलं. टेबलावर पुन्हा नुसते कपडे आले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसलं काय. त्या घरात काहीतरी शिकत असल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. भावाने पन्नाशी उलटल्यावर पेटी शिकायला घेतली. खालच्या लाँड्रीवाल्याने त्याबद्दल काय भोगलं, ते त्यालाच माहीत. आणि वहिनी दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसली. मुलांचं झालं, आता माझं राहिलंय तेवढं करून टाकते, असं म्हणाली, जसं काही एखादी चेन बदलायची राहिली होती. बाकीचे सगळे विषय पहिल्याच फटक्यात सुटले. गणित राहिलं.

ती माझ्याकडे आली ती त्या वेळी. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात बसून भिंतींवर खेकसत होते. ती म्हणाली, पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बदलतोय, मग आत्तापर्यंत सुटलेले विषयही धरणार नाहीत, सगळं पहिल्यापासून. त्याआधी दोनदा परीक्षा होणार होती. तेवढ्यात गणित सुटलं तर सुटलं. "ताई, तुम्ही शिकवाल का?" असं तिने विचारलं. इतकी वर्षं मी तिच्या घरच्या शाळेला नावं ठेवली होती. दुसरी कुणी असती तर माझ्या दारात पाऊल टाकलं नसतं. हिने चपला काढल्या, पाणी मागितलं आणि समोर बसली.

मी शिकवायला लागले आणि आमची रोज जुंपायला लागली. मी दहा गणितं दिली तर ती दोनच करायची, आणि त्या दोनांत मला चाळीस प्रश्न विचारायची. हे असंच का? उलटं केलं तर? मी म्हणायचे, परीक्षेत का-बिका कुणी विचारत नाही. अडलं की सोडायचं आणि पुढे जायचं.

"न समजता पुढे जाऊन पोचायचं कुठे?" ती म्हणाली.

"पस्तीस मार्कांपर्यंत," मी म्हटलं.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांसाठी बाकं टाकली होती. शेजारच्या बाईने विचारलं, तुमचं कोण बसलंय, नात का? मी म्हटलं, वहिनी. ती जराशी सरकून बसली.

निम्मा वेळसुद्धा झाला नसेल, तर वहिनी पायऱ्या उतरून येताना दिसली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, घेरी आली असावी. जवळ येऊन म्हणाली, ताई, मला बाहेर काढलं, मी बोलले.

झालं होतं ते असं. शेजारच्या बाकावर एक मुलगी होती, बहुतेक दुसऱ्यांदा बसलेली. भूमितीच्या एका प्रश्नापाशी ती अडली आणि मुसमुसायला लागली. वहिनी आपण कुठे बसलोय ते साफ विसरली. तिच्याकडे वळून तिने सांगितलं, रडू नकोस, आधी आकृती काढ, मग दिलेलं सगळं आकृतीवर लिही. कुजबुजतही नव्हे, चांगलं घरच्या टेबलाशी बसल्यासारखं खणखणीत. पर्यवेक्षक धावत आले आणि दटावायला लागले, तर ही त्यांनाच म्हणाली, जरा थांबा हो, तिला समजत आलंय.

त्यांनी दोघींचेही पेपर काढून घेतले. मुलीने हंबरडा फोडला. मग वहिनीला भान आलं. दोष माझा आहे, तिने मला काही विचारलं नव्हतं, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. शेवटी केंद्रप्रमुखांनी मुलीला पेपर परत दिला आणि दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं. वहिनीचा पेपर रद्द झाला.

मी आत जाऊन भांडले असेन असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. पर्यवेक्षकांच्या जागी मी असते, तर मीही हेच केलं असतं, आणि परतीच्या वाटेवर मी तिला तसं तोंडावर सांगितलं. परीक्षेत परीक्षेचा नियम चालतो, तुझ्या टेबलाचा नाही. तुझ्यापायी त्या पोरीचं वर्ष गेलं असतं.

वहिनी रस्त्यातच थांबली. माझ्याशी वाद घालेल असं वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले होते. "पेपर परत मिळाला तरी तिचं रडं थांबत नव्हतं, ताई," ती म्हणाली. "मी मदत करायला गेले आणि तिच्या जिवाला घोर लावला." स्वतःच्या पेपरबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. लोक वळून बघत होते. मी तिला धरून कडेला घेतलं, आणि मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम.

भावाचं मत पडलं की प्रभूची इच्छाच नसेल, तर आता पुरे करावं. वहिनी म्हणाली, प्रभूने मला थांब असं कुठे सांगितलंय, त्याने गप्प बस एवढंच सांगितलंय.

आता एकच परीक्षा उरली होती. गणित तिला एव्हाना बऱ्यापैकी यायला लागलं होतं. येत नव्हतं ते गप्प बसणं. मग मी गणित ठेवलं बाजूला आणि तेच शिकवायला घेतलं. त्यांच्या घरी जाऊन, टेबलावरचे कपडे हलवून मी तिला बसवलं आणि तिच्यापासून हातभर अंतरावर भावाला. त्याचं काम एवढंच, की प्रश्नपत्रिका समोर घेऊन अडल्यासारखं करायचं. आमच्या भावाच्या अंगात असा नट लपलेला असेल, याची मला कल्पना नव्हती. तो उसासे टाकायचा, केस उपटायचा, पेन्सिल चावायचा. पहिल्या दिवशी वहिनीने पाच मिनिटांत त्याला अर्धं गणित सांगून टाकलं. मी हातातली पट्टी आपटली. दुसऱ्या दिवशी ती बोलली नाही, पण टेबलाखालून तिने त्याला लाथ मारली आणि बरोबर उत्तराकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, मी मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना करते, तेवढी तर चालेल? मी म्हटलं, चालेल, पण ओठ हलवू नकोस, उत्तर सांगतेस असं वाटेल.

हे असं महिनोन्‌महिने चाललं. हळूहळू ती शिकली. भाऊ रडकुंडीला आल्यासारखा करायचा आणि ती मान खाली घालून आपली लिहीत राहायची. एकदा तर तो खरोखरच अडला होता, त्याला ते गणित मनापासून समजून घ्यायचं होतं. त्याने दोनदा हाक मारली. तिने मान वर केली नाही. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, शाबास. भाऊ खट्टू होऊन उठून गेला आणि पेटी काढून बसला.

ती पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते. काठावर का होईना, पण झाली. घरात आनंद झाला, मुलांचे फोन आले, मंडळीत पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. पण मला सांगायचं आहे ते पेपरच्या दिवसाचं.

मी पुन्हा त्याच बाकावर बसले होते. या खेपेला शेवटची घंटा होईपर्यंत ती बाहेर आली नाही, तेव्हाच मी मनात प्रभूचे आभार मानले. मग माणसांचा लोंढा बाहेर पडला आणि त्यात ती दिसली. मी हात केला. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ती माझ्याकडे आली नाही. फाटकात उभी राहून येणाऱ्या एकेकाचा चेहरा बघत राहिली. ऊन चांगलंच तापलं होतं, मला भूक लागली होती, आणि ही बाई कुणाला शोधतेय ते कळेना.

मग तिने एका माणसाला अडवलं. तिशीचा असेल, अंगात वॉचमनचा गणवेश, बहुतेक तिथूनच कामावर जायचा असेल. परीक्षेत तो तिच्या शेजारच्या बाकावर बसला होता. ती त्याला म्हणाली, दादा, ते टाकीचं गणित. तो ओशाळला. मावशी, पेपर तर संपला, असं तो म्हणाला. ती म्हणाली, संपू दे, तुम्ही बसा जरा. आणि तिने त्याला शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. मी उठून तिथे गेले, तिला ओढून घरी न्यायच्या इराद्याने.

गणित अगदी साधं होतं. एका नळाने टाकी तीन तासांत भरते, दुसऱ्याने सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? या माणसाने तीन आणि सहा मिळवून नऊ लिहिलं, खोडलं, पुन्हा नऊ लिहिलं, पुन्हा खोडलं. वहिनीने डोळ्याच्या कोपऱ्यातून ते सगळं पाहिलं होतं. पुढे त्याने काहीच लिहिलं नाही. पेपर संपेपर्यंत पेनाचं टोपण उघडत-लावत बसला होता.

वहिनीने त्याला तासांचा नाद सोडायला सांगितलं. नुसतं एवढं सांगा, पहिला नळ एका तासात केवढी टाकी भरतो? तो म्हणाला, एक तृतीयांश. आणि दुसरा? एक षष्ठांश. तिने पर्समधून खडूचा तुकडा काढून पायरीवर टाकी काढली, तिचे सहा भाग केले, एका नळाचे दोन रंगवले आणि दुसऱ्याचा एक. तो बघत राहिला. मग म्हणाला, अर्धी भरली. तासाला अर्धी, म्हणजे दोन तास.

"म्हणजे एवढंच होतं?" त्याने विचारलं.

वहिनी हो म्हणायला गेली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "एवढंच होतं हो, दादा," ती म्हणाली. "एका वाक्याचं काम होतं. आणि मी शेजारी बसून गप्प राहिले."

तो माणूस गांगरला. मावशी, तुम्ही बोलला असता तर दोघांनाही हाकललं असतं, असं तो तिची समजूत काढायला लागला. ती म्हणाली, माहीत आहे मला. आणि तरी पदराने डोळे पुसत राहिली. शेवटी तिला बोलता आलं तेव्हा ती त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलली. "शिकले मी, ताई. आता जमतं मला."

माझ्या हाताखालून हजारो मुलं गेली, पण मी शिकवलेलं इतकं चोख कुणी शिकलं नव्हतं. अभिमान वाटायला हवा होता. मला नुसतं वाईट वाटलं, इतकं की ऊन आणि भूक दोन्ही विसरले. गुडघे धरत मी त्या पायरीवर त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले, त्याच्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली आणि विचारलं, आणखी कुठलं अडलं होतं?